शेकोटीतला उंदीर

जावयानं दिलेल्या विजेच्या शेकोटीवर काही वाळत घालायचं नाही, असं बायकोनं बजावलं होतं. तरी मी शेकोटीवरच ओले मोजे टाकले. एक मोजा फटीतून आत गेला, तिचा पंखा अडकला, जळका वास सुटला आणि शेकोटी बंद पडली. आत उंदीर शिरला असणार, असं मी बायकोला ठोकून दिलं.

येरमाळ्याच्या स्टँडमागचा पंखे दुरुस्त करणारा लगेच आला. हा गडी कुणाच्या शब्दावर वायरीला हात लावत नाही. "प्लग काढलाय," मी म्हणालो. "व्हय का," म्हणत त्यानं स्वतः जाऊन पाहिलं आणि प्लग मांडीखाली घेऊन अंड्यावरच्या कोंबडीसारखा बसला.

"आता उघडा की."

"गरम हाय भाऊ. निवू द्या."

त्यानं निवांत चहा घेतला. कपालासुद्धा आधी उलटा हात लावून बघितला. मग शेकोटीला तसाच हात लावला, स्क्रू काढले, ब्रशनं धूळ झाडली आणि चिमट्यानं काळाठिक्कर मोजा ओढला. बायको दारातच उभी. त्यानं तिच्याकडं पाठ केली आणि मोजा खिशात कोंबला.

"वहिनी, उंदराचंच काम हाय." मग माझ्याकडं बघून, "पर त्याला सांगा भाऊ, हिच्यावर काय वाळू घालू नको. घर पेटंल."

शेकोटी सुरू झाली. तो निघाला, तेव्हा त्याच्या खिशातून मोज्याचं टोक लोंबताना मला दिसलं.

बायको शांतपणे म्हणाली, "त्या उंदराला विचारा, दुसरा मोजा कुठं वाळत घातलाय."