मूठभर तांदूळ

मंडळी, दुपारपासून हे मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझी लेक ईशा अड्यारच्या एका जुन्या सरकारी शाळेत दहावीला आहे. वर्गात तमिळ, तेलुगू, उर्दू, नेपाळी बोलणारी मुलं आहेत, मराठी ही एकटीच. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणायचा आणि सगळ्यांचा मिळून एकाच पातेल्यात पोंगल शिजवायचा, ही तिथली फार जुनी पद्धत. आज तो दिवस होता आणि पालकांनाही बोलावलं होतं.

मूठभर काय न्यायचं, लोक काय म्हणतील, म्हणून मी दुकानातून बासमतीची मोठी पिशवी आणली आणि मिरवत घेऊन गेले.

टीचरनी आभार मानले. "शाळेच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडेल," म्हणाल्या. मग ईशाला लाडाने म्हणाल्या, "यातलाच मूठभर टाक, कण्णा."

ईशा जागची हलली नाही. "हा आमच्या घरचा नाही, टीचर," एवढंच म्हणाली.

बाकीच्या मुलांनी रुमालातून, डब्यातून, कागदाच्या पुडीतून आणलेला तांदूळ ओतला. कुणाचा रेशनचा, कुणाचा इडलीचा. पोंगल ईशानेही खाल्ला, मैत्रिणींबरोबर फोटो काढले. आमच्या घरचा तांदूळ मात्र त्या पातेल्यात पडलाच नाही.

आत्ता भात लावायला डबा उघडला. तिच्या आजीने मावळातून पाठवलेला इंद्रायणी. मूठ भरून घेतली आणि तशीच उभी राहिले.

तुम्हीच सांगा, आता ही मूठ कुठे नेऊ?