हिरूमावशीने गुणगुणलेली चाल

आधीच सांगतो, या सदरातला मी नेहमीचा माणूस नव्हे. कुणी भुताखेतांचं काढलं की मी उठून चहाचं आधण ठेवतो. पण ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली, आणि घडली नसती तर मी आयुष्यभर बोईसरला हजेरीपट लिहीत बसलो असतो... तेव्हा सांगायला हवी.

साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. आमचं घर माहीमला – केळव्याजवळचं माहीम, मुंबईचं नव्हे. मी मुंबईत मामाकडे राहून व्हायोला शिकलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. आवाज खर्जातला, थोडा घोगरा. चाल सगळी व्हायोलिनने पळवायची आणि आम्ही मधल्या मध्ये भरणा करायचा. माझे हात लांब म्हणून सरांनी तो माझ्या गळ्यात मारला, आणि माझा जीव त्याच्यावर जडला.

सर गोव्याचे. त्यांनी चार वाद्यांसाठी स्वतः एक रचना लिहायला घेतली होती आणि व्हायोलासाठी मला धरलं होतं. त्यात एका ठिकाणी मला बावीस बार गप्प बसायचं होतं. बार म्हणजे चार मात्रा. एक-दोन-तीन-चार असं बावीस वेळा मनात मोजायचं आणि तेविसाव्याला अचूक शिरायचं. तालमीत मी तीनदा चुकलो. एकदा आधी घुसलो, दोनदा उशिरा. सर शांतपणे म्हणाले, "रविवारी पुन्हा बसू. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघतो."

तोंड पाडून घरी आलो. दादाने बोईसरला एका ठेकेदाराकडे माझी नोकरी पक्की करूनच ठेवली होती. "सोमवारी हजर हो," तो म्हणाला. "रविवारी जमलं तर तुझं तू बघ. नाहीतर ती व्हायोलाची पेटी माळ्यावर टाक." त्याचंही चूक नव्हतं म्हणा.

मंगळवारी सकाळी पानवेलींच्या वाडीत सराव करत होतो. तेवढ्यात हिरूमावशी मासे घेऊन आली. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी कोळीण ही. आई आत ताट आणायला गेली, तशी ती टोपली उतरवून बांधावर टेकली. मी वाजवत त्या बावीस बारांपाशी आलो, थांबलो आणि पायाने मोजू लागलो. आणि मावशी गुणगुणायला लागली.

कोळ्यांचं गाणं नव्हतं ते. सावकाश वर चढणारी, मध्येच अडखळून खाली येणारी कुठलीतरी चाल होती. ती संपली तिथे माझा गज आपसूक तारेवर पडला. पाय मोजतच होता – बरोबर तेविसावा बार.

"मावशी, हे कुठं ऐकलंस?"

"मी कुठं ऐकाया जाते रं? तू मदीच गप रायलास. मोकलं मोकलं वाटलं, म्हनून गायले."

पुन्हा म्हणायला लावलं. तशीच म्हणाली, स्वरही इकडचा तिकडे नाही. मी ती चाल तिथेच कागदावर नोटेशनमध्ये उतरवून घेतली. माझ्या डोक्यात स्पष्टीकरण तयार होतं – तालमीत सरांचं व्हायोलिन या जागी काहीतरी वाजवायचंच. मोजण्याच्या नादात ते मला कळलं नसेल, पण कानात राहिलं असेल. घरी मीच कधीतरी गुणगुणलो आणि मावशीने उचललं. एवढं सोपं.

रविवारी तालीम सुरू झाली. माझे बावीस बार आले आणि सरांच्या व्हायोलिनमधून मावशीची चाल निघाली. माझा अंदाज बरोबर निघाला. मोजलं नाही, नुसतं ऐकलं, आणि चाल संपली तिथे शिरलो. सरांनी वादन थांबवलं नाही. मला जे कळायचं ते कळलं.

चहाच्या वेळी मी हसत हसत कागद पुढे केला. "सर, आमच्या मासेवालीनेसुद्धा तुमची चाल उचलली बघा."

सरांनी वाचलं आणि ते खुर्चीत बसले. "हे कधी लिहिलंस?"

"मंगळवारी."

"जुनी चाल मला पटत नव्हती," सर म्हणाले. "ही मी शुक्रवारी केली. आज पहिल्यांदाच वाजवली."

माझं सोपं स्पष्टीकरण तिथेच संपलं. सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग सर म्हणाले, "शेवटचा भाग मला अजून सुचत नाहीये. तिला विचारून ये." चेष्टा होती की काय, आजही सांगता येत नाही.

सोमवारी मी बोईसरला गेलो नाही. दादा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. मावशीला मात्र मी खरंच विचारलं. ती पापलेटं निवडता निवडता म्हणाली, "पुडचं त्येला येल की. त्यो बाजा वाजवनारा, मी म्हावरं इकनारी. तू मातर सोडू नको हां."

पुढचं सरांना सुचलं. मीही सोडलं नाही, त्यावरच पोट भरलं, संसार केला. आता मावशी नाही, सरही नाहीत. हे कसं घडलं ते तेव्हाही कळलं नाही, आज तर विचारायलाही कुणी उरलं नाही. एक मात्र झालं... त्या दिवसापासून गप्प बसायची जागा आली की मी मोजणं सोडून दिलं आणि नुसतं ऐकत राहिलो. आयुष्यभर वाजवलं, शिरताना पुन्हा एकदाही चुकलो नाही.