पावलीनबाय आणि कौलावरचा दात

पावलीनबाय बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, दातांकडे बघे. लग्न होऊन मी दोडामार्गजवळच्या या वाडीत आले, तेव्हा समोरच्या घरातून ती केळीचा घड घेऊन मला बघायला आली. नाव-गाव काही विचारलं नाही. मी हसले तशी म्हणाली, "उजवीकडची दाढ किडली हा गो. सोमवारी चल माझ्यावांगडा." मी गेले नाही. तीन महिन्यांनी गाल सुजवून गेले.

म्हापशाच्या एका दातांच्या दवाखान्यात ती सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या बाजूला उभी राहिली होती. काम सुटलं तरी तिला घरात बसवेना. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायची. फ्रॉकच्या खिशात कायम छोटी बॅटरी. वाडीत कुठलंही पोर तोंडावर पडलं की आईच्या आधी ही हजर. "आदी पाणी, मगे रडणा," असं म्हणून ती चूळ भरायला लावी आणि मग बॅटरी मारून बघे. ओठ फुटला तर बर्फाची कांडी चोखायला द्यायची. दाताचा टवका उडाला तर तो तुकडा शोधून ठेवायचा, डॉक्टरला लागतो.

आम्हा आयांवर मात्र तिची दया नव्हती. माझी तन्वी चार वर्षांची असताना तिच्या दातात फणसाची शीर अडकली. मी पिन घेऊन बसले होते. पावलीनबायने ती हिसकावलीच. "दोरो घी. पिन साडयेक लाव." शेजारणीने आपल्या मुलाच्या हिरडीवर कुटलेली लवंग दाबून ती भाजून ठेवली, तेव्हा तिला म्हणाली, "पोरग्याची हिरडी ती, फोडणी घालतंस काय?" हलणारा दात कोणी ओढू लागलं की हात बाजूला करी. "दुधाचो दात म्हणजे पावणो. जावचोच तो. धक्के कित्याक मारतंस?"

तन्वी आठ वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. काजूचे दिवस. दुपारी अंगणात धावताना ती पाय घसरून धुण्याच्या दगडावर आपटली. समोरचा वरचा दात मुळापासून बाहेर. मी तिला नळाखाली धरलं. रक्त बरंच होतं, पण मी घाबरले नाही. आठ वर्षांची मुलगी, दुधाचा दात, पडायचाच होता. माझे सासरे, तात्या, यांनी दात उचलला आणि घरातल्या प्रत्येक पोराचा उडवला तसा कौलांवर उडवला. वर उंदराला नवा दात आणायलाही सांगितलं.

पावलीनबाय रस्ता ओलांडून आली. तन्वीच्या तोंडात बॅटरी मारली आणि माझ्याकडे वळली.

"दात खंय?"

"कौलार उडवलंय," तात्याच म्हणाले. "रीतीप्रमाणे."

"मूळ बघलात?"

"कसला मूळ?"

"तात्यांनू, लांब व्हतो काय दात? खाली शेपटी कशी?"

तात्यांनी बोटाच्या पेरावर माप दाखवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दुधाचो नाय तो. कायमचो," ती म्हणाली. "गो, घड्याळ बघ. अर्ध्या तासात परत बसवूक होयो."

मी शिडी आणली. पण एवढ्या कौलांवर शोधायचा कुठे? पावलीनबायने तात्यांच्या हातात दाताएवढा खडा दिला. "खंय उभे व्हतात? थयच रवा. तसोच उडवा." खडा उडाला, घरंगळत डावीकडे गेला. दुसरा दिला, तोही तिकडेच. तिसरा गेला आणि ती साठीची बाई फ्रॉक खोचून शिडीवर चढली. मी चढते, मी चढते, असं मी म्हणत राहिले. दोन कौलं फुटली. पडवीचं छप्पर घराला मिळतं तिथल्या पन्हाळीत, सुक्या पानांत दात होता.

मी तो पदराने पुसायला घेणार, तर केवढ्याने ओरडली! "घासू नको! मुळार जीव आसा तेचो. डोक्याकडसून धर. देवाच्या पायांक हात लाव, दाताच्या नको." थंड दुधात तो एकदा खळबळला आणि तन्वीचं डोकं तात्यांच्या छातीला टेकवून तिने तो जागेवर बसवला. तन्वी किंचाळली. "चाव रुमाल. घट्ट. आता शिवी घाल माका, पण तोंड मिटून." माझ्या घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. स्कूटरवर मी पुढे, तन्वी मध्ये, पावलीनबाय मागे. बाजारातल्या डॉक्टरांनी बारीक तारेने दात शेजारच्या दातांना बांधला.

रात्री तात्या जेवले नाहीत. पावलीनबायला विचारत राहिले, "दात ऱ्हवात मां गो?"

"माका ठावक नाय," ती म्हणाली. दुसरं कोणीही हो म्हणालं असतं. "तुमका तरी खंय ठावक व्हता? आता झाला. उद्यापासून वाडयेत सगळ्यांका सांगा, उडवच्या आदी मूळ बघा म्हणान." तात्यांनी घरोघर जाऊन ते सांगितलं.

दात राहिला. पुढे त्याची नस मेली, उपचार झाले, पण राहिला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, मूळ आतून विरघळतंय. आणखी काही वर्षं निघतील. तेव्हा पावलीनबाय गोव्यात इस्पितळात होती, पोटाच्या दुखण्याने अर्धी झालेली. दात घट्ट आहे असं सांगायचं ठरवून मी गेले.

"तन्वीचो दात?" तिने पडल्या पडल्या पहिलं हेच विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "मूळ झिजता हा."

"किती वर्सां झाली?"

"सात."

"तापलेल्या कौलावरसून इलेल्या दाताक? खूप झाली." थोडा दम घेतला. "चेडवाक सांगलंस?"

"नाय. दहावीचा वर्स..."

"सांग. दात तिचो, तुझो नाय."

घरी आले आणि चपला काढायच्या आधी तन्वीला सांगितलं. ती आरशासमोर गेली, बोटाने दात हलवून पाहिला.

"पावलीनबायक ठावक आसा?"

"तिनाच सांगूक लावल्यान."

"मगे बरा," असं म्हणून ती अभ्यासाला बसली. चौथ्या दिवशी पावलीनबाय गेली.