हरवलेल्या सामानाची खिडकी

आमच्या खिडकीवर जमा झालेली छत्री कोणी नेली नाही, तर ठरल्या मुदतीनंतर पुढे रवाना होते. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही, आणि त्यांच्या विल्हेवाटीचा नियमही नाही! म्हणून सांगून टाकते.

मी बनारसच्या एका स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर क्लार्क आहे. कोरा कागद दिला की मला घाम फुटतो, रकाने आखलेला दिला की जीव शांत होतो. आईपणाचे रकाने कोणी आखून दिलेले नाहीत, म्हणून घरी नुसता घाम!

पहिल्याच दिवशी आमचे हेडक्लार्क पाठककाका (भोसले घाटाजवळ राहणारे, घरी मराठी, खिडकीवर हिंदी) म्हणाले, "मुग्धा, तुझ्याकडे काही नवीन कल्पना वगैरे आहेत का?"

"नाही हो काका," मी ओशाळले.

"वाचलो!" म्हणत त्यांनी चहा मागवला.

*

एकजण काळी छत्री शोधत आला. इथे काळ्याच छत्र्यांचा ढीग.

"पहचान?" काकांनी विचारलं.

"खुलती नहीं."

काकांनी एकेक उघडून पाहिली. तीन उघडल्या नाहीत. "और कोई पहचान?"

"खुल जाए तो बंद नहीं होती!"

*

एकदा लंगडा आंब्यांची पेटी आली. नासणारा माल दोघांच्या साक्षीने नष्ट करायचा, असा नियम. मला भलतंच वाईट वाटलं. काकांनी शांतपणे दार लावलं, सुरी काढली आणि म्हणाले, "बस. साक्षीदार तू."

शेरा लिहिला: 'माल काळजीपूर्वक नष्ट केला. कोयी शिल्लक.'

*

एकदा काकांचाच चष्मा बाकावर राहिला आणि कोणीतरी तो आमच्याकडेच जमा केला. मी देऊ लागले, तर म्हणाले, "आधी फॉर्म!"

चष्म्याशिवाय फॉर्म वाचता येईना, फॉर्मशिवाय चष्मा मिळेना. शेवटी मी वाचू लागले. "वस्तूचं वर्णन?"

"मला कुठे दिसतंय! तूच सांग."

"अर्जदारानेच सांगायचं असतं, काका."

"शाब्बास!" ते गहिवरले. "तयार झालीस."

*

आणि मग मिहू, माझी चार वर्षांची लेक. नागपूरहून येताना तिचा कापडी हत्ती गाडीत राहिला. दोन दिवस ती धड जेवली नाही, शाळेचं तर नावच नको. तिसऱ्या दिवशी तो माझ्याच खिडकीवर हजर!

पण नियम असा, की जे दिसेल तेच लिहायचं. सोंड मी मशीनमध्ये धुताना केव्हाच घालवली होती. उरले दोन मोठे कान. मी नोंद केली: 'ससा, कापडी, राखाडी, एक.'

वस्तू मालकानेच न्यायची, म्हणून संध्याकाळी मिहूला आणून स्टुलावर उभं केलं.

"काय हरवलंय, बेटा?" काकांनी विचारलं.

"हत्ती."

काकांचं बोट रजिस्टरवरून फिरलं. "आमच्याकडे ससा आहे."

मिहू माझ्याकडे बघू लागली. मी कुजबुजले, "ससा म्हण ना गं!"

"झूठ नाही बोलायचं, आई!"

"सोंड कुठाय मग?" काकांनी विचारलं.

"आईने धुतली."

काकांनी पेन खाली ठेवलं. नोंद सशाची, दावा हत्तीचा, म्हणजे देता येणार नाही. भांडूही कशी? त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी ती वस्तू काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "नाव काय त्याचं?"

"गज्जू."

"हाक मार."

"गज्जूऽऽ!"

काका वाकले, त्या राखाडी तोंडाला कान लावून थांबले. मग पेन उचलून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मालकाने हाक मारली. वस्तूने ओ दिली. सुपूर्द.'