हॅलिडम या शब्दाच्या अर्थाबाबत

विषय: हॅलिडम या इंग्रजी शब्दाचा अर्थ निश्चित करण्याबाबत.
संदर्भ: सुखदेवजींचा विहारासाठी जागा मिळण्याबाबतचा अर्ज.

कचेरीत धूळ आणि किस्से सारखेच साठतात. धूळ झाडायला निदान शिपाई असतो. मी पांढरकवड्याच्या तहसिलीत कारकून होतो तेव्हाचे हे किस्से, सगळे या एका अर्जाचे.

सुखदेवजींनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी गावाबाहेरची पडीक जागा विहारासाठी मागितली. जुना नकाशा काढला, तर कुण्या इंग्रज साहेबाने त्या जागेवर एकच शब्द लिहिलेला : हॅलिडम. तहसीलदार म्हणाले, "अर्थ कळल्याशिवाय जागा देता येणार नाही."

*

अर्थ कळेना, की कागद दुसऱ्या खात्याकडे पाठवायचा, ही आमची रीत. जंगलखात्याने कळवले, "सदर नावाचे झाड या जंगलात आढळत नाही." बांधकाम खाते म्हणाले, "सदर इमारत आमच्या ताब्यात नाही." जिल्हा कचेरीचे उत्तर सर्वांत मुद्देसूद होते : "शब्दाचा अर्थ नमूद करून फेरप्रस्ताव सादर करावा!"

*

सुखदेवजी दर बाजाराच्या दिवशी दारात उभे. "बाबू, थो शब्द सापडला काय?"

"शोधून राह्यलो."

"आमी रस्त्यावर बसून वंदना म्हणतो. पावसाच्या आधी सापडला तं बरं होईन."

कोणत्या पावसाच्या, हे ते म्हणाले नव्हते, म्हणून कचेरीवर ठपका येत नाही.

*

शेवटी मी एसटीने यवतमाळला गेलो. तिथल्या एका हेडमास्तरांकडे जाडजूड इंग्रजी कोश होता. त्यात तीन अर्थ निघाले. एक, पावित्र्य. दोन, पवित्र जागा. तीन, जिच्यावर हात ठेवून लोक शपथ घेत, ती पवित्र वस्तू. शब्दाचं मूळ मात्र साधं होतं : धड, अखंड, इजा न झालेलं.

आमचे नाझर रहीमचाचा ऐकून म्हणाले, "म्हणजे जे तुटलं नाही, ते पाक. आणि आपण त्याचीच मोजणी करून राह्यलो!"

*

मोक्यावर, म्हणजे त्या पडीक जागेवर, गेलो, तर कडुनिंबाखाली एक गोटा. जागा द्यायला हरकत घेणारे गावचे पाटील म्हणाले, "याले हात लावून गावात कोणी खोटं बोलत नाही. वाद इथंच मिटते."

"मग अर्थ तिसरा," मी म्हणालो.

सुखदेवजी लांब बांधावर उभे होते. तिथूनच बोलले, "माह्या बापालेबी शपथ घ्याले आणत. पण गोट्याले हात लावू देत नव्हते. इथंच उभं करत."

पाटील चाचरले नाहीत. "दुरून चालते."

सोबत आलेल्या आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कांनी, चष्मा पुसला. "पाटील, पावित्र्य बांधापर्यंत पोचते, असं लिहू काय?"

*

तहसीलदारांनी तोड काढायला सांगितली. पाटील म्हणाले, "हा गोटा हलवणार नाही, अशी सुखदेवनं गोट्यावर हात ठेवून शपथ घ्यावी. मी हरकत मागं घेतो." आणि आपला हात गोट्यावर ठेवून त्यांनी दाखवलंही.

सगळे सुखदेवजींकडे पाहू लागले. ते जागचे हलले नाहीत.

"ये ना आता," पाटील म्हणाले. "आता कोण नाही म्हणते?"

"मी म्हणतो," सुखदेवजी बोलले. "दीक्षा घेतली, आता गोट्याची शपथ नाही. हा गोटा आमी हलवणार नाही, बाजूले बसू. हे मी माह्या बापाच्या जागेवरून सांगून राह्यलो. दुरून चालते, तुमीच म्हणले."

पाटलांनी गोट्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"लिहा," ते म्हणाले. "हरकत नाही."

मी लिहिलं. तिन्ही अर्थ जोडून प्रकरण वर पाठवलं. ते शेऱ्यासह परत आलं : "तीनपैकी कोणता अर्थ ग्राह्य धरावा, याचा खुलासा व्हावा."

खुलासा पाठवला. पोच आली. मी निवृत्त झालो तेव्हा अर्ज प्रलंबित होता. आजही प्रलंबित आहे.