हट्टीबाईंची काळी खिडकी

हट्टीबाईंच्या खोलीत भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला इंटरनेटची लाल वायर लटकत असे. ती कॉम्प्युटरला जोडायची नाही, एवढा एकच कायदा त्या खोलीत होता. कुणी चहा सांडला तर बाई मुकाट्याने पुसून घेत, कुणी तासभर उशिरा आला तर चार शब्द सुनावून विसरून जात, पण वायरीला हात लावलेला खपत नसे.

हट्टीबाई हे नाव धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग बाईंनीच ते रंगवून दारावर लावलं. शिंप्याच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे, जुन्या ब्लँकेटांनी मढवलेली त्यांची खोली. तिथे बसून त्या रेडिओवरच्या नाटकांचे आवाज जुळवत.

पूर्वी त्या एका बड्या स्टुडिओत होत्या, चौदा वर्षं. एका सकाळी तिथल्या कॉम्प्युटरच्या महागड्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली आणि बाईंचं अख्ख्या वर्षाचं काम उघडेना. मालक म्हणाले, असं होतंच, पुन्हा करा. बाईंनी त्याच दिवशी चपला घातल्या. स्वतःचं काम उघडायला दुसऱ्याची परवानगी मागायची नाही, हे त्यांनी जिन्यावरच ठरवून टाकलं.

मग एका कचेरीने मोडीत काढलेलं मशीन आणलं आणि त्यावर फुकट मिळणारी सिस्टीम बसवली. आवाजाला घुमार देणारे, धार लावणारे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना प्लगिन म्हणतात. बहुतेक सगळी दुसऱ्याच सिस्टीमसाठी लिहिलेली. बाई ती एका मधल्या प्रोग्रामच्या जोरावर चालवत आणि त्या प्रोग्रामला दुभाष्या म्हणत. दुभाष्याचा स्वभाव मात्र भलता नाजूक. आजूबाजूला काही अपडेट झालं की त्याचं बिनसे, म्हणून वायर खिळ्यावर.

धाकट्या भावाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो येता-जाता डोकं खाई.

"ताई, जग कुठल्या कुठे गेलं आणि तू अजून इथेच बसलीयस."

"बसलीय तर बसलीय. तुला काय, तू उभाच आहेस, जाऊन बघून ये कुठे गेलं ते."

तीन वर्षांपूर्वी बाईंनी एक मालिका केली होती. त्यात विहिरीच्या तळातून बोलणारी एक मुलगी होती. आता मालिकेचा दुसरा भाग बड्या स्टुडिओकडे गेला आणि तिथे घोडं अडलं. विहिरीचा तो घुमार ज्या प्लगिनमधून येई, ते लिहिणाऱ्याने फुकट वाटलं होतं आणि पुढे तो गायबच झाला. नव्या सिस्टीम त्या प्लगिनला दारातूनच परत पाठवत. शेवटी निर्माते बाईंकडे आले. "मंगळवारी अकराला ऐकायला येतो. विहीर तीच हवी, आणि या वेळी तिच्यात पाणी चढत गेलं पाहिजे. जमलं तर मालिका तुमची. नाहीतर बाई, या जिन्याने पुन्हा येण्याचं मला काही कारण नाही."

सोमवारी बाई बाजारात गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर खिळा रिकामा. भाऊ खुर्चीत बसून हसत होता.

"दोनशे अपडेट तुंबले होते, ताई. उद्या मोठी माणसं येणार. सगळं चकाचक केलं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि विहिरीचं प्लगिन उघडलं. खिडकी उघडली ती काळी ठिक्कर. एक नॉब नाही, एक आकडा नाही. भावाचा चेहरा पडला. आधीचं सगळं परत बसवायला दोन दिवस लागले असते.

"दुकानातून नवं कोरं मशीन आणू का?"

"त्यावर विहीर चालेल?"

भावाने नकारार्थी मान हलवली. बाईंना त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं, आणि त्या मनातून घाबरल्याही होत्या. तरी त्यांनी मुलीचा आवाज त्या काळ्या खिडकीतून सोडून पाहिला. घुमार आला, अगदी तसाच.

"दिसेना झालंय फक्त. आत सगळं जागेवर आहे. वही घे."

बाईंच्या मिक्सिंगच्या प्रोग्रामात प्लगिनचे नॉब साध्या पट्ट्यांच्या यादीत दाखवायची सोय होती. एकतीस पट्ट्या, एकीलाही नाव नाही. बाई डोळे मिटून एकेक पट्टी सरकवत आणि सांगत, "चार, भिंती जवळ आल्या. नऊ, काही नाही. सतरा... थांब. सतरा म्हणजे पाणी." भाऊ लिहून घेत होता.

मंगळवारी निर्माते आले, सोबत बड्या स्टुडिओचा रेकॉर्डिस्ट. तो पडद्याकडे बघून हसला.

"बाई, तुमची खिडकी मेली की."

"नाटक रेडिओवर लागणार आहे. बघायला कोण येतंय?"

मुलगी बोलू लागली. निर्मात्यांनी डोळे मिटले. "पाणी थोडं वर आणा." बाईंनी सतरा नंबरची पट्टी सरकवली. "अजून. आता गळ्याशी." पाणी गळ्याशी आलं. रेकॉर्डिस्टचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"हीच विहीर," निर्माते म्हणाले. "मालिका तुमची. फक्त एक करा, सगळ्यांकडे आहे ते मशीन घ्या. म्हणजे तुमचं काम कुणालाही उघडता येईल."

भाऊ मागून डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. बाईंनी त्याला भीक घातली नाही.

"सगळ्यांकडे आहे त्या मशीनवर ही विहीर उघडली का, साहेब? मग ही अट मला मान्य नाही. काम होईल ते या मशीनवर होईल. नको असेल तर जिना समोरच आहे."

निर्मात्यांनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. तो प्रामाणिक निघाला. "आमच्याकडे नाही होणार हे," तो म्हणाला.

"पुढच्या मंगळवारी दुसरा प्रवेश," निर्माते म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर बाई खाली गेल्या आणि शिंप्याची कात्री घेऊन आल्या. लाल वायरीचं कॉम्प्युटरला जोडायचं टोक कचकन कापून त्यांनी भावाच्या हातावर ठेवलं.

"हे तुझ्या दुकानात ठेव."

भावाने ते खिशात टाकलं. बाईंनी उरलेली वायर खिळ्याला अडकवली आणि वही उघडून सतरा नंबरपाशी खूण केली.