सूरजले ओळखत नाही म्हनलं म्या

हे म्या कोणालेच सांगितलं नाही — घरी नाही, दोस्ताईले नाही, अन् ज्याले सांगाले पाहिजे होतं त्याले तं नाहीच नाही. आज मोबाईलवर बोटं चालून राह्यले, तं सांगूनच टाकतो तुले.

मोताळ्याच्या शाळेत माह्या बाकावर सूरज बसे. मायबाप नेपाळचे, बाप बाजारात रात्रीची राखण करे. पण सूरज जन्मला मोताळ्यातच. माह्याहून पक्कं वऱ्हाडी बोले, ठेचा असा खाये का पाहणाऱ्याले ठसका लागावा! फक्त तोंड — तोंड मायवर गेलं होतं. बारीक डोळे, बसकं नाक.

मांगच्या महिन्यात कॉलेजात सर शिकवून राह्यले होते. वंश म्हणजे लोकं तुह्यं अंग-तोंड पाहून तुले ज्या खणात टाकतात थो. अन् वांशिक समूह म्हणजे तू कोणाच्यात वाढला, काय खातो, कोणत्या बोलीत भांडतो थे. सारे लिहून घेत होते. माहा पेन चालेच ना. काऊन? मले थे आधीच समजलं होतं ना — लॉकडाऊनमधी, भर दुपारी.

तवा आमच्या गावानं बुलडाणा-मोताळा रस्त्यावर बांबू आडवा बांधला होता. पोट्टे पहाऱ्याले. मीबी होतो, तोंडाले दुपट्टा, नुसते डोळे उघडे. सूरज बुलडाण्याले कामाले होता, तिथून पायी आला. सकाळी त्याची माय वारली होती. मले माहीत होतं — त्याच्या स्टेटसवर तिचा फोटो पाहिला होता. तिच्या हातचं किती खाल्लं होतं म्या!

"ओ चायना, मांगं हो! कोरोना घेऊन आला बे!"

"भाऊ, मी मोताळ्याचा हाय. माही माय मेली. जाऊ द्या ना."

"बोली तं मस्त शिकला रे!" सारे हसले.

मंग त्यानं माह्यं नाव घेतलं. "पवनले बोलवा. तुमच्याच गावचा हाय, थो सांगन तुमाले."

बाजूच्यानं मले हळूच कोपर मारलं, "ओळखतं का रे याले?" म्या खाली पाहून मान हलवली — नाही.

"पवन-बिवन कोणी नाही इथं," थो वरडला.

कोरोनाचं भेव होतं काय? नाही. असा दोस्त आहे माहा, हे पोट्ट्यायले समजलं असतं — बस, एवढंच. सूरज वावरा-वावरातून फिरून गेला. पोचला तवा माय जळून गेली होती.

रस्ते खुले झाल्यावर थो माह्याच घरी आला. ओट्यावर बसून रडला. "तुह्या गावच्यायनं अडवलं बे. तुले बोलवा म्हनलं, तं बोलावलंच नाही."

अन् मी? "कोण होते थे? नाव सांग, हाडं मोडतो!" म्हनलं म्या. खरंच — असंच म्हनलं.

त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू असता तं त्यायनं जाऊ देल्लं असतं."

"हाव, देल्लं असतं," म्हनलं म्या.